नसलेल्याची रेघ

पडद्यावर चित्र हळूहळू उमटत गेलं आणि ज्या रकान्यात काहीच दिसायला नको होतं, त्या रकान्यात एक आडवी काळी रेघ आली. तिला आधी वाटलं, आपण रकाने मोजायला चुकलो. तिनं डावीकडून मोजले, मग उजवीकडून मोजले. रकाना तोच होता. रेघ ठसठशीत होती, शेजारच्या रेघांपेक्षा तसूभरही फिकी नाही. यंत्राचा पंखा घरघरत होता, बाहेरून कुणीतरी काचेची भांडी ढकलगाडीवरून नेत होतं आणि ती एकमेकांवर आपटून किणकिणत होती, आणि या सगळ्या रोजच्या आवाजांच्या मधोमध ती रेघ नुसती बसून होती, न बोलावता आलेल्या माणसासारखी. हातमोज्यांच्या आत तिच्या तळव्यांना घाम सुटला. मघाशी आपल्याला भूक लागली होती हे तिला आठवलं, आणि ती भूक आता कुठे गेली ते कळेना.

त्या रकान्यात ज्या उंदराच्या मेंदूचा अर्क होता, त्या उंदराला ते प्रथिन बनवताच येत नव्हतं. ते बनवण्याची कृतीच त्याच्या पेशींतून, तो जन्माला येण्याआधी, काढून टाकलेली होती. असे उंदीर दुसऱ्या एका संस्थेनं अलीकडेच तयार केले होते आणि तिनं ते मागवून घेतले होते. कल्पना अगदी साधी. ज्याच्या घरात वस्तूच नाही त्याच्या घरी झडती घ्यायला पाठवायचं, आणि शोधणारा हात हलवत परत येतो का बघायचं. शोधणारी होती एक अँटिबॉडी, बोटाच्या पेराएवढ्या बाटलीतून येणारी, पाण्यासारखी नितळ. मेंदूतल्या हजारो प्रथिनांतून तिनं एकालाच ओळखायचं, त्यालाच चिकटायचं, आणि मग त्या जागी रेघ उमटायची, एवढंच तिचं काम. प्रयोगशाळेत तिला सगळे ‘जावई’ म्हणत, कारण तिचे लाड फार. बर्फात ठेवायचं, जोरात हलवायचं नाही, उजेडात न्यायचं नाही, आणि एवढं करून एखाद्या दिवशी रुसायचीच. “जावईबापू आज खूश आहेत का?” असं शेजारच्या टेबलावरचा लंबू रोज सकाळी विचारायचा, आणि ती म्हणायची, “मानपान तर झालाय, बघू.” या जावयाच्या भरवशावर प्रयोगशाळा चालवणाऱ्या सरांनी, लंबूनं आणि तिनं मिळून एक लेख लिहिला होता. माणसाची स्मृती जाते त्या आजारात हे प्रथिन आधी मेंदूत साचतं, मग रक्तात उतरतं, आणि माणूस विसरायला लागायच्या कितीतरी आधी ते रक्तात सापडतं, असं त्यात म्हटलं होतं. लेखावर पहिलं नाव तिचं होतं. तो सगळीकडे वाचला गेला. आणि आता पुढच्या महिन्यापासून शेजारच्या मोठ्या हॉस्पिटलात याच रेघेवरून ठरणार होतं, नव्या औषधासाठी कुणाला निवडायचं.

“माझंच काहीतरी चुकलंय,” ती मोठ्यानं म्हणाली. खोलीत कुणी नव्हतं. स्वतःचा आवाज ऐकून तिला जरा धीर आला. चुकणं तिला ठाऊक होतं, चूक ही घरातलीच गोष्ट, ती शोधली की सापडते. नळ्यांची अदलाबदल झाली असेल. शेजारच्या रकान्यातलं सांडून इकडे आलं असेल. तिनं रकान्यांसाठी नवीन जेल ओतलं, नवीन अर्क काढला, मधले रकाने रिकामे सोडले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच यंत्रासमोर उभी राहिली. पुन्हा रेघ आली. त्याच उंचीवर, तेवढीच काळी. या वेळी तिला घाम आला नाही. पाणी कुठेतरी मुरतंय, आणि ते आपल्या हातून मुरत नाही, एवढं तिला कळलं होतं.

हे उंदीर तिनं मागवले ते दादामुळे, ही गोष्ट प्रयोगशाळेत कुणालाच माहीत नव्हती. दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. गेल्या हिवाळ्यात तो एका संध्याकाळी तिच्या घरी आला, आत न येता जिन्याच्या चौकातच उभा राहिला आणि म्हणाला, “तुझ्या वहिनीला यातलं काही बोलायचं नाही.” मग त्यानं सांगितलं. तो लिफ्टच्या टपावर उभा होता, दोन मजल्यांच्या मध्ये, हातात पाना, डोक्यावर अंधारात वर जाणारे दोर. आणि एकाएकी त्याला कळेना, आपण वर निघालोय का खाली. आपण नट आवळायला आलोय का सोडायला आलोय. किती वेळ तसा उभा होतो तेही कळेना. “बाबांचं असंच सुरू झालं होतं ना?” त्यानं विचारलं होतं. बाबांचं असंच सुरू झालं होतं. “तुमच्याकडे ती बाटली आहे ना, आजार ओळखणारी?” दादा म्हणाला. “माझं रक्त घे आणि बघ.” तिनं सांगितलं, की ती माणसांना निकाल सांगायला नाही, बाटलीवरच छापलंय, फक्त संशोधनासाठी. दादा तिच्याकडे बघत राहिला. “मग संशोधन कुणासाठी चाललंय? उंदरांसाठी?” तिला हसू आलं होतं आणि त्या हसण्याची लगेच लाजही वाटली होती.

बाबा कवळ्या बनवायचे. दंतवैद्यांकडून तोंडाचे साचे यायचे आणि बाबा त्यांत गुलाबी हिरड्या आणि पांढरे दात बसवून परत पाठवायचे. “दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, आपलं बघा कसं भरतंय,” हा त्यांचा ठरलेला विनोद होता, आणि नवीन माणूस भेटला की तो त्याला ऐकावाच लागे. भावंडं झोपायची त्या खोलीत फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं ठेवलेले असत. दादा दोन जबडे हातात घेऊन कटकट वाजवत तिच्या मागे धावायचा आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “लोकांचे दात आहेत ते, लोकांचे!” मग एकदा एक म्हातारी बाई थेट घरी आल्या. रुमालात बांधलेली कवळी त्यांनी टेबलावर ठेवली. बाबांनी ती उचलली, खिडकीशी नेली, अंगठा फिरवला. पुढचा सुळा मागे होता, मागची दाढ पुढे. “काम माझंच आहे,” बाबा म्हणाले. “पण असं का केलं मी?” हे त्यांनी त्या बाईंना विचारलं नव्हतं. ते खरंच जाणून घ्यायला, खोलीतल्या प्रत्येकाकडे आळीपाळीनं बघत, विचारत होते, आणि ती तेव्हा दप्तर भरता भरता थांबली होती. पुढे कित्येक वर्षं ती मेंदू उकरत बसली त्याचं कारण लोक विचारत, तेव्हा ती काहीतरी दुसरंच सांगायची, विषय आवडला, मार्क चांगले पडले, असं. त्या प्रश्नाचं ती कुणाला सांगत नसे.

दादाला तिनं नाही म्हटलं. पुन्हा म्हटलं. तिसऱ्या वेळी तो फोनवर नुसता श्वास घेत राहिला आणि ती म्हणाली, “ये.” ओळखीच्या नर्सनं रक्त काढलं. नळी फ्रीझरमध्ये मागच्या कोपऱ्यात नाव न घालता ठेवलेली होती. पण तपासायची वेळ आली तेव्हा तिचा हात पुढे जाईना. इतकी वर्षं अनोळखी माणसांच्या रक्तातल्या रेघा तिनं मोजल्या होत्या, आणि आता एका माणसाला समोर बसवून सांगायचं होतं, तुझ्यात आहे, किंवा तुझ्यात नाही. आणि त्या आहे-नाहीवर तो टपावर चढणार किंवा कायमचा उतरणार. जावई कधी खोटं बोलत नाही ना? असं तिला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. तसं विचारावं असं याआधी कुणालाच वाटलं नव्हतं. कंपनीनं बाटलीबरोबर पाठवलेल्या कागदावर एक सुरेख चित्र होतं, एकच रेघ, स्वच्छ, आणि सगळ्यांनी ते चित्र बघून मान डोलावली होती.

लंबूला तिनं चित्र दाखवलं तेव्हा त्यानं चष्मा कपाळावर सरकवला, चित्र डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. “उंदीर खोटे असतील.” “असतील,” ती म्हणाली. “तेच आधी बघणार आहे.” “सरांना सांगितलंस?” “उद्या सांगणार.” लंबू खुर्चीत मागे रेलला. त्याचा एका मोठ्या संस्थेत जागेसाठीचा अर्ज गेलेला होता आणि त्या अर्जात हा लेख सगळ्यांत वर होता, हे दोघांनाही माहीत होतं. “पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?” तो अगदी हळू म्हणाला. “मासा कुठला आलाय,” ती म्हणाली. “पाणीच दुसरं कुठलंतरी निघतंय, ते बघ.” त्यानंतर बरेच दिवस त्यानं सकाळी जावयाची चौकशी केली नाही.

सरांच्या खोलीत कागदांचा आणि जुन्या कॉफीचा वास असायचा. सरांनी चित्र टेबलावर सपाट ठेवलं आणि दोन्ही बाजूंना दोन हात ठेवले, जणू ते उडून जाईल. ते रागीट नव्हते. तिला लिहायला त्यांनी शिकवलं होतं, आपल्याला आवडलेल्या निष्कर्षावर आधी संशय घे, हे वाक्यही त्यांचंच. “जनुक पूर्ण निघालं नसेल,” ते म्हणाले. “तुकडा उरतो कधीकधी. तुकड्यालाही अँटिबॉडी धरते.” “धरते. मी तपासते तेही.” “तुझं पहिलं नाव आहे त्या लेखावर.” “म्हणूनच आले सर.” सरांनी चित्राच्या बाजूचे हात काढून घेतले. “हे आत्ताच का करावंसं वाटलं तुला?” ती खोटं बोलू शकली असती. तिच्या मनात एक-दोन सोयीची कारणं तयारही झाली, आणि बाबांचा तो खिडकीशी वळलेला चेहरा मध्ये आला. “भावाचं रक्त तपासणार होते,” ती म्हणाली. “नियमात बसत नाही ते.” “नाही बसत. अजून तपासलेलं नाही.” सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. खाली आवारात कुणीतरी सायकलला कुलूप लावत होतं. “हॉस्पिटलचं काम या एका चित्रावर मी थांबवणार नाही,” ते म्हणाले. “पण तू कर. स्वतःच्या विरुद्ध जेवढं करता येईल तेवढं सगळं कर. आणि मग ये.” ती दारापाशी पोचली तेव्हा ते म्हणाले, “आणि घाई कर.” हे त्यांनी रागानं म्हटलं का काळजीनं, ते तिला कळलं नाही, आणि तिनं ठरवलं की ते कळून घ्यायची आपल्याला गरज नाही.

आई म्हणायची, हिचं म्हणजे सुंभ जळला तरी पीळ जात नाही. त्या दिवसांत तिला स्वतःतला तो पीळ अगदी अंगात जाणवायचा, पाठीच्या कण्यात, मानेत, सकाळी उठताना. ती वेळेवर उठायची, भाकर-तुकडा जे असेल ते खायची, प्रयोगशाळेत पोचली की केस घट्ट बांधायची. तिनं उंदरांचं जनुक पुन्हा तपासून घेतलं. ते पुरतं निघालेलं होतं, तुकडासुद्धा नव्हता. तिनं त्याच प्रथिनाचं दुसरं टोक पकडणारी दुसरी एक अँटिबॉडी मिळवली. या दुसरीच्या वेळी त्या उंदराचा रकाना कोरा राहिला, शेतात नुकत्याच पडलेल्या धुक्यासारखा पांढरा, आणि बाकीच्या रकान्यांत रेघा आल्या, पण जावयाच्या रेघांच्या जरा वर. जरासंच वर, पण उंची वेगळी म्हणजे प्रथिनच वेगळं. इतकं जरासं, की शेजारी शेजारी ठेवून बघितल्याशिवाय कुणाच्या डोळ्यांना दिसू नये. कंपनीनं फार गोड बोलून जावयाची नवी बाटली पाठवली. नव्या बाटलीनंही तेच केलं. ती रस्त्यानं चालताना, बसमध्ये खांबाला धरून उभी असताना, समोरच्या माणसांकडे बघायची, एखादीच्या टोपलीत फुलकोबी, एखाद्याच्या मांडीवर झोपलेलं पोर, आणि तिच्या मनात यायचं, यांच्यापैकी कुणीतरी पुढच्या महिन्यात बाही वर करणार. ज्यांच्या रक्तात रेघ गडद त्यांना औषध. त्या औषधानं काहीजणांच्या मेंदूला सूज येते, हे कागदावर लिहिलेलं होतं आणि ज्यांना आजार आहे ते एवढा धोका पत्करतील असंही लिहिलेलं होतं. पण ज्यांना नाही ते? असा विचार आला की तिची पावलं आपोआप भरभर पडायची.

एका दुपारी लंबू तिच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. “तू जे बघतेस ते तुला बघायचं असतं म्हणून दिसतं,” तो म्हणाला. “मीही तेच करतो, उलट बाजूनं. तू नळ्या दे माझ्याकडे. मी नावं बदलतो. कुठल्या उंदराची कुठली ते मलाच माहीत. रेघा तू मोज, यादी माझ्याकडे राहील.” तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो खाली बघत होता. “मला तुला खोटं पाडायचंय, एवढं लक्षात ठेव,” तो म्हणाला. “पाड की,” ती म्हणाली, “मला सुटल्यासारखंच होईल.” तो हे ऐकून जरा चमकला. त्यांनी ते तसं केलं. शेवटी दोघं शेजारी शेजारी स्टुलांवर बसले, तिनं आकडे वाचले, त्यानं यादी उघडली आणि वाचता वाचता त्याचा आवाज उतरत गेला, आणि मग तो थांबला. ज्यांच्यात ते प्रथिन होतं आणि ज्यांच्यात नव्हतं, त्यांना जावई एकाच आवडीनं मिठी मारत होता. लंबूनं चष्मा काढला. “माझा अर्ज,” तो म्हणाला, आणि मग स्वतःच म्हणाला, “जाऊ दे. हा नाहीतर पुढचा. मग हा धरतो तरी कुणाला?”

त्याचं उत्तर यायला थोडे दिवस लागले. जावयानं जे धरलं होतं ते त्याच्या तावडीतून सोडवून त्यांनी एका दुसऱ्या संस्थेकडे पाठवलं, जिथं प्रथिनाचे तुकडे करून, तुकड्यांचं वजन करून ते कोण आहे हे ओळखणारं यंत्र होतं. उत्तर आलं तेव्हा ती उभ्याउभ्याच वाचत होती. अगदी साधं प्रथिन. स्नायूंत असतं, मेंदूत असतं, रक्तात असतं, निरोगी माणसात असतं, आणि माणसाचं वय वाढलं की वाढतं. एवढंच. तिनं जुनी माहिती काढली. लेखातली आजारी माणसं निरोगी माणसांपेक्षा सरासरीनं बरीच म्हातारी होती. तेव्हा त्यांनी लिहिलं होतं, वयातला फरक निष्कर्षावर परिणाम करणारा वाटत नाही. ‘वाटत नाही’ हे शब्द तिनंच लिहिले होते की सरांनी, हे तिला आठवेना. आपण इतकी वर्षं आजार मोजत होतो असं वाटलं, आणि मोजत होतो ते वय. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं काहीतरी वेगळंच, एक कोरडी, स्वच्छ ताकद, दिवसभर सामान हलवून घर लावून झाल्यावर हातांत उरते तशी. आता पुढचं पाऊल कुठलं हे तिला अगदी नीट दिसत होतं.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. लंबू तिच्या शेजारी उभा होता, खुर्ची रिकामी असून. “दोघांनी वेगवेगळं मोजलंत?” सरांनी विचारलं. “यादी माझ्याकडे होती,” लंबू म्हणाला. सरांनी फोन उचलला आणि त्यांच्यासमोरच हॉस्पिटलच्या मोठ्या डॉक्टरांना लावला. “आमची चाचणी वापरू नका,” ते म्हणाले. तिकडून काहीतरी बराच वेळ बोललं गेलं. “नाही, पुढे ढकलायची नाही. वापरायचीच नाही. लेख मी मागे घेतोय. हो, मी. नाव कुणाचंही पहिलं असो, प्रयोगशाळा माझी आहे.” आवाज अजिबात हलला नाही. फक्त दुसऱ्या हातानं ते टेबलाच्या कडेचा उचललेला पापुद्रा सोलत होते, आणि फोन ठेवल्यावरही सोलत राहिले. “आता जा,” ते म्हणाले. “मला जरा एकटं बसू दे.”

पुढचे महिने कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लेख मागे घेतला गेला. लंबूला ती जागा मिळाली नाही, दुसरी, लहान, लांबची मिळाली आणि तो गेला, जाताना तिला त्याचं स्टूल देऊन गेला, कारण तिच्या स्टुलाचा एक पाय आखूड होता. तिचा करार वाढला पण थोडाच. सर एखाद्या दिवशी व्हरांड्यातून तिच्याकडे न बघता निघून जायचे, आणि एखाद्या दिवशी तिच्या टेबलाशी थांबून, नव्या अँटिबॉडीसाठी कुठला तुकडा निवडायचा यावर तासभर वाद घालायचे. ज्या दिवशी बघायचे नाहीत त्या दिवशी तिला वाईट वाटायचं. पण ती मान खाली घालून चालत नसे.

दादाला सांगणं मात्र या सगळ्याच्या आधीच झालं होतं, हॉस्पिटलला फोन गेला त्याच आठवड्यात. वहिनी बाजारात गेली होती. दादा फरशीवर पाय पसरून एक मोटर उघडून बसला होता. तिनं सांगितलं. बाटली खोटी. त्याचं रक्त तपासलं नाही, आणि तपासलं असतं तरी काही कळलं नसतं. दादा आधी हसला, तोंड उघडून, लहानपणी जबडे वाजवताना हसायचा तसा. मग हसणं थांबलं. “हिवाळ्यापासून रोज मरतोय मी,” तो म्हणाला. “रोज सकाळी उठून स्वतःचीच परीक्षा घेतो. शेजाऱ्यांची नावं म्हणतो, पाढे म्हणतो. तू म्हणालीस ये, म्हणून थांबलो होतो. आणि आता तू म्हणतेस, काहीच नाही?” “काहीच नाही,” ती म्हणाली. “मला माहीत नाही दादा. कुणालाच माहीत नाही. मी आहे-नाही म्हणून टाकलं असतं ना, ते खोटं असतं.” त्यानं मोटरीतली तार बोटाला गुंडाळली, सोडली. मग म्हणाला, “आणि ते बाकीचे? ज्यांना औषध देणार होते?” “थांबवलं.” “तू?” “आम्ही तिघांनी.” दादानं मान हलवली. तिला वाटलं, तो आता काहीतरी चांगलं बोलेल. तो म्हणाला, “चहा टाक. दूध संपलंय, तसाच टाक.”

चहा पिताना ती म्हणाली, “बाटलीबिटली सोड. साध्या डॉक्टरकडे चल. माझ्याबरोबर. आणि वहिनीला सांगायचं.” “तिला नको.” “दादा, आईनं बाबांचं सगळ्यांपासून लपवलं. आठवतंय ना काय झालं? ते एकटेच घाबरत बसायचे.” त्यानं कप खाली ठेवला. वहिनी पिशव्या घेऊन दारात आली तेव्हा त्यानं उठून तिच्या हातातल्या पिशव्या घेतल्या, त्या खाली ठेवल्या, आणि म्हणाला, “बस जरा.” वहिनीनं दोघांच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि म्हणाली, “टपावर विसरलात ते ना? तुमच्या कामावरच्या जोडीदारानं मला केव्हाच सांगितलंय. मी वाट बघत होते, तुम्ही कधी तोंड उघडताय त्याची.”

डॉक्टरकडे ते उन्हाळ्यात गेले. वहिनीला कामावर सुट्टी मिळाली नाही, म्हणून दादाबरोबर बहीणच होती. दादा जाता जाता सांगत होता, की आता तो टपावर एकटा चढत नाही, जोडीदार असल्याशिवाय नाहीच, आणि प्रत्येक गोष्ट तोंडानं बोलून करतो, वर निघालो, दोर बघितला, नट आवळला. “कामावरची पोरं हसतात मला,” तो म्हणाला, “पण आता तीही करायला लागलीत.” नर्सनं नाव पुकारलं तेव्हा दादाबरोबर तीही उठली. “तू बाहेरच थांब,” दादा म्हणाला. ती पुन्हा बसली. समोर भिंतीवर काही नव्हतं. आत त्याला चित्रं दाखवत असतील, शब्द सांगून थोड्या वेळानं परत विचारत असतील, हे तिला माहीत होतं, आणि आपल्या हातात यातलं काहीही नाही हेही. तिनं हात मांडीवर सपाट ठेवले. शेजारी एक बाई आपल्या नवऱ्याच्या शर्टाचं बटण नीट करत होती आणि नवरा तिला म्हणत होता, आभारी आहे, आपण कोण? बाई म्हणाली, “मी इथलीच.” तिनं त्यांच्याकडे मान वळवली नाही, पण ते उत्तर तिला फार आवडलं.

दादा बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा नुकताच धुतल्यासारखा दिसत होता. “काय म्हणाले?” “म्हणाले, आत्ता तरी वयाच्या मानानं ठीक. झोप कमी आहे, काळजी जास्त आहे. पुढच्या वर्षी परत या.” “आणि?” “आणि काय. पुढच्या वर्षी येऊ.” ते लिफ्टपाशी आले. दार उघडलं, माणसं आत गेली, ती आत पाऊल टाकणार एवढ्यात दादानं तिच्या दंडाला धरलं. दार मिटलं, लिफ्ट खाली गेली. दादा बंद दारावर तळहात टेकवून, मान वाकडी करून ऐकत होता. “घासतेय,” तो म्हणाला. “डावीकडे, रुळापाशी. ऐकू येतंय?” तिला काहीच ऐकू येत नव्हतं. लिफ्ट परत वर आली, पुन्हा माणसं शिरली, पुन्हा गेली. त्यानं पुन्हा ऐकलं आणि हात काढला. “आज उद्या काही होणार नाही. पण होईल. इथं देखरेखीचं ऑफिस कुठे असतं?” “दादा, ते आपलं काम नाही. यांचे लोक असतील.” “असतील की. त्यांना ऐकू आलं असतं तर एव्हाना उघडून बसले नसते का?” तो जिन्याकडे निघालासुद्धा, दोन पायऱ्या उतरून थांबला आणि वळून म्हणाला, “तू जा तुझ्या कामाला, उशीर होईल. मी यांना सांगूनच जातो. कानावर आल्यावर गप्प कसं बसायचं?”